दोन दिवे आणि एक खुर्ची

"तुझा दिवा माझ्यावर रुसलाय का रे?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! चिमटी आणि भोंगा या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. तालीम संपली की सभागृहाच्या सज्जात चढायचं, काजव्यासमोर उभं राहायचं, मान किंचित वाकडी करायची आणि हे विचारायचं. नाही विचारलं तर दोघींच्या भूगोलाच्या वह्यांतले सगळे नकाशे मी रंगवायचे. आणि नकाशे रंगवणं म्हणजे... नको रे बाबा! म्हणून मी शिडी चढले.

(नकाशे हे निमित्त होतं, हे चिमटीला कळलं होतं. उगाच नाही तिला चिमटी म्हणत.)

काजवा दुसऱ्या तुकडीतला. गळ्यात कायम एक इवलीशी टॉर्च, म्हणून काजवा. शाळेच्या नाटकांचे दिवे तो सांभाळायचा. सज्जात एक टेबल, टेबलावर बटणांची पाटी, एकुलती एक खुर्ची आणि तिच्यावर हा. माझ्या वाकड्या मानेकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"दिवा रुसत नाही," तो म्हणाला. "तूच त्याला टाकून पळतेस."

"मी?"

"मग कोण? आज किती वाक्यं गिळलीस? वाक्यं म्हणतेस की गाडी पकडतेस?"

मैत्रिणी मला आगगाडी म्हणतात ते यासाठीच. पण मैत्रिणींनी म्हणणं वेगळं आणि ज्याच्याशी आपण पहिल्यांदाच बोलतोय अशा मुलाने... मी मान सरळ केली.

"मी वाक्यं गिळली म्हणून तुझा दिवा सरांच्या टकलावर गेला होय?"

तो हसला. पटकन, आणि लगेच हसू खिशात टाकल्यासारखा गंभीर झाला. पण मी बघितलं होतं! हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, डाव्या.

"इकडे ये," तो म्हणाला. "दाखवतो."

झालं होतं असं. आमच्या शाळेत स्थिर दिवे भरपूर होते, पण ते जिथे टांगले तिथेच बघणारे, ढिम्म. मान वळवणारे दिवे मात्र दोनच. शाळेच्या एका श्रीमंत माजी विद्यार्थ्याने भेट दिलेले. काजवा त्यांना फार जपून वापरायचा. दिवा विझवायचा, अंधारात त्याची मान नव्या जागी वळवायची, तिथे तो नीट थांबला की मगच उजेड. तोवर दुसरा दिवा खिंड लढवणार. एक पेटलेला, एक प्रवासात. बघणाऱ्याला वाटावं, वर दहा दिवे आहेत.

"पण त्याला वळायला वेळ लागतो," काजवा म्हणाला. "तू मधली वाक्यं खाल्लीस की त्याचा वेळ खातेस. मग मला तो वाटेतच पेटवावा लागतो आणि तो पेटलेला सगळीकडे भटकतो. पडद्यावर, पंख्यावर..."

"...टकलावर."

"टकलावर. आणि ओरडा मला बसतो. तू काय, नायिका. मी वायर."

मग त्याने सभागृहातले सगळे दिवे घालवले. मिट्ट काळोख. "आता ऐक," तो म्हणाला.

वरून, अगदी बारीक, घूंऽऽ असा आवाज आला. कुणीतरी झोपेत कूस बदलताना कण्हतं ना, तसा. मग तो थांबला. एक बारीक टक्. आणि रंगमंचावर, मी रोज जिथे उभी राहते नेमक्या त्याच जागी, उजेडाचं एक गोल तळं.

मी तिथे नव्हते, पण मला माझी जागा पहिल्यांदाच दिसली.

"बघितलंस? नाही रुसलेला," तो म्हणाला. "उलट..."

"उलट काय?"

"उलट... काही नाही. उतरताना बघून उतर, खालची पायरी सैल आहे."

आता सांगा, असं अर्धवट वाक्य हवेत सोडून द्यायचं असतं का कुणी? आणि म्हणे मी वाक्यं गिळते!

*

आमचं नाटक एका दीपगृहाचं होतं. दीपगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी म्हणजे मी. बाप बोट घेऊन समुद्रात जातो, वादळ येतं आणि मुलगी रात्रभर दिवा जागता ठेवते. नाटक सरांनी स्वतः लिहिलेलं, त्यामुळे त्यात एक स्वल्पविरामही बदलायची सोय नव्हती. आणि सरांचा हुकूम होता, की दीपगृहाचा झोत नाटकभर फिरत राहिला पाहिजे.

"म्हणजे दोनातला एक दिवा कायमचा तिकडे जुंपला," काजवा कुरकुरला. "राहिला एकच. एकट्याने तो बिचारा काय काय करेल?"

तोवर मी रोज मधल्या सुट्टीत सज्जात जायला लागले होते. खुर्ची एकच, म्हणून मी एक बादली पालथी घालून बसायचे. पैज कधीच जिंकून झाली होती. भोंगा खालून ओरडायची, "अगंऽ, तुझा प्रश्न संपला नाही का अजूऽन?" तिला भोंगा का म्हणतात हे सांगायला नकोच.

"समजा," मी बादलीवरून म्हणाले, "झोत फिरलाच नाही तर?"

"सर मला फिरवतील."

"ऐक ना! झोत तोंडावर आला की माणूस काय करतो? असे डोळे बारीक करतो, मान थोडी बाजूला घेतो. बरोबर? पहिल्या प्रवेशात खरा झोत फिरू दे. तो आला की आम्ही सगळे असं करू. प्रत्येक वेळी, एका तालात. मग दुसऱ्या प्रवेशात तू तो हळूच काढून घे. आम्ही करत राहू. लोकांना झोत दिसत राहील."

"नसताना?"

"नसताना."

तो माझ्याकडे बघत राहिला. असं बघितलं ना कुणी, की आपल्या हातांचं काय करायचं तेच कळत नाही. मी बादलीची कडी वरखाली करत बसले.

"आगगाडी," तो शेवटी म्हणाला, "तू चुकीच्या ठिकाणी काम करतेस."

त्या दिवशीच्या तालमीत आम्ही सरांना न सांगता ते केलं. बोट दुरुस्त करणारे, शेजारीण, टपालवाला, सगळ्यांना मी मधल्या सुट्टीत घोटवून घेतलं होतं. दुसऱ्या प्रवेशात काजव्याने झोत काढून घेतला. आम्ही डोळे बारीक करत राहिलो. समोर बसलेल्या सरांनी काय केलं असेल? झोत येईल त्या तालावर त्यांनी स्वतःच डोळ्यांवर हात धरला!

मी वर सज्जाकडे बघितलं. अंधारात ती इवलीशी टॉर्च दोनदा लुकलुकली. मीही तिच्याकडे बघून दोनदा डोळे बारीक केले.

आता आमचे दोन्ही दिवे मोकळे झाले. मग काय विचारता! कुणी यायच्या आधीच उजेड दारावर जाऊन थांबायचा, आणि सगळी माणसं दाराकडे बघायला लागायची. बाप निघून गेल्यावर उजेड त्याच्या रिकाम्या स्टुलावर तसाच राहायचा, आणि खाली बसलेली चिमटी, जी कधीच रडत नाही, नाक ओढायची. पहिला प्रवेश संपल्यावर दिवा हलताना मात्र कुणी कधी बघितला नाही. तो हलायचा तो अंधारात, आणि तेही लाटांचा आवाज मोठा असताना, म्हणजे त्याचं ते कण्हणं लपायचं.

"सगळं अंधारात का पण?" मी एकदा विचारलं. "एकदा तरी उजेडात चालू दे की त्याला."

"एकदाच," काजवा म्हणाला. त्याच्या डोक्यात ते आधीच होतं. "शेवटी. मुलगी बापाला हाक मारते तेव्हा. सभागृहाच्या पार मागच्या रांगेपासून झोत निघेल, लोकांच्या तोंडांवरून हळूहळू, शोधत शोधत... आणि तुझ्यावर येऊन थांबेल. पहिल्या प्रवेशानंतर हलला नाही ना, म्हणून तेव्हा हलला की लोकांचा श्वास अडकेल."

माझा तर तिथेच अडकला. झोतामुळे की त्याच्या आवाजामुळे, देव जाणे.

*

आणि मग सरांनी जाहीर केलं, की शेवटच्या प्रसंगात दोन्ही दिवे लाल, हिरवे, निळे होऊन गरागरा फिरतील.

"सर?" मी म्हणाले. "तेव्हा मुलगी बापासाठी रडत असते."

"रडू दे. दिवे देणारे पाहुणे पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांना त्यांचे दिवे दिसायला नकोत?"

काजवा सज्जातून उतरून आला होता. त्याचं तोंड पांढरं पडलेलं, पण तो गप्प. एरवी माझ्याशी तासभर भांडणारा, सरांपुढे मिठाची गुळणी धरून उभा! आणि माझ्या तोंडाला कधी ब्रेक लागलाय?

"सर, दिवे गरगरणार असतील तर मी त्या प्रसंगात काम करणार नाही."

भोंगाचासुद्धा आवाज नाही.

"मग दुसरी मुलगी घेईन," सर म्हणाले.

"घ्या. पण कपडे माझ्या आईने माझ्या मापाचे शिवलेत, आणि ती उसवून देणाऱ्यातली नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. मला वाटलं, गेले मी आता. पण सरांच्या डोळ्यांवरची नजर मी काढली नाही. हे मलाच नवीन होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात पाणी प्यायला जायचं विचारतानाही आधी चिमटीला विचारायचे!

"ठीक आहे," सर सावकाश म्हणाले. "तुमच्या मनासारखं करा. पण पाहुणे नाराज झाले, तर पुढच्या वर्षी तू नाटकात नाही आणि तो दिव्यांवर नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. "दोघांनाही."

सर गेल्यावर काजवा माझ्याकडे वळला. इतका चिडलेला मी त्याला बघितला नव्हता.

"दोघांनाही? मला विचारलंस? ते दिवे सोडून माझ्याकडे दुसरं काय आहे? मी ना धावण्यात, ना गाण्यात, ना पहिल्या दहांत!"

"मग तू का नाही बोललास?"

"कारण तू बोलत होतीस! तुझ्यामध्ये कुणाला शिरायला जागा असते का?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. "तर मग जा आणि फिरव तुझे दिवे गरागरा!" मी म्हणाले आणि तरातरा निघाले. दारापर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला...

"मीही कबूलच म्हटलं असतं."

मी वळले.

"जरा हळू आवाजात म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण म्हटलं असतं."

*

नाटकाच्या संध्याकाळी सभागृह गच्च. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्या शेजारी घामाघूम सर. दुसऱ्या रांगेत माझे आईबाबा. आई मान उंच करून माझ्या झग्याची शिलाई आजूबाजूच्या बायकांना दाखवत होती, आणि बाबा, जे दातांचे डॉक्टर आहेत, लोकांच्या हसण्याकडे धंद्याच्या नजरेने बघत होते.

सगळं कसं लोण्यासारखं चाललं. नसलेल्या झोताने लोक डोळे मिचकावत होते. रिकाम्या स्टुलावरच्या उजेडाने चक्क एक आजोबा रुमाल काढून बसले. मी इतकी खूश झाले, इतकी खूश झाले, की...

की मी वाक्यं गिळली.

शेवटच्या प्रसंगातलं शेजारणीचं आणि माझं अख्खं बोलणं! मी एकदम शेवटच्या हाकेपाशीच उतरले. "बाबाऽऽ!" शेजारीण तोंड उघडून बघतच राहिली. ठरल्याप्रमाणे लाटा थांबल्या, रंगमंचावरचा उजेड मावळला. आता मागच्या रांगेपासून झोत निघायचा. पण मला ऐकू आलं...

घूंऽऽऽ.

दिवा अजून प्रवासात होता. अंधारात, डोकं वर, अर्ध्या वाटेत. त्याचा वेळ मी खाल्ला होता. आणि वर सज्जात काजव्याचं बोट बटणावर असणार. आता पेटवला तर तो भलतीकडेच भटकणार. न पेटवला तर मी अशीच काळोखात ठोंब्यासारखी उभी. पाहुणे, सर, पुढचं वर्ष, सगळं त्या एका घूं मध्ये लटकलेलं.

मी कधी थांबत नाही. सगळ्यांना माहितीये. काजव्याला तर सगळ्यांत जास्त माहितीये.

मी थांबले.

पुढचं एकही वाक्य म्हटलं नाही. मागच्या खिडकीत एक कंदील मिणमिणत होता, त्यात माझी नुसती आकृती दिसत असेल. मी हळूच मान वर केली आणि नसलेला झोत तोंडावरून गेल्यासारखे डोळे बारीक केले. मग तो पुढे समुद्रावर गेल्यासारखी मान वळवली, आणि कान दिला. सगळं सभागृह माझ्याबरोबर कान देऊन बसलं. वरची ती घूंघूं त्या शांततेत सगळ्यांना ऐकू येत होती. दुसऱ्या रांगेत बाबा आईला कुजबुजले, तेही मला ऐकू आलं, "बोट आली वाटतं!"

घूं थांबली. टक्.

"बाबा," मी हळू म्हणाले. "मी इथे आहे."

आणि मागच्या रांगेत उजेड उगवला. पहिल्या प्रवेशानंतर जो हलला नव्हता तो आता निघाला. एकेका तोंडावरून सावकाश. रुमालवाले आजोबा. चिमटी, नाक लाल. आई, जिने चटकन केस सारखे केले. सर, आ वासलेले. धुळीचे कण त्या झोतात पोहत होते, आणि तो पायऱ्या चढून आला, माझ्या पायांशी, हातांशी, तोंडाशी. थांबला.

मी डोळे बारीक केले नाहीत. सरळ त्या उजेडात बघितलं, त्याच्या पलीकडे, जिथे एका खुर्चीत एक मुलगा बसला होता.

*

पडदा पडल्यावर पाहुणे सरांना म्हणाले, "माझे दिवे कुठे होते हो? मला काही दिसले नाहीत."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझ्याही. विंगेत काजवा माझ्या शेजारी येऊन उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू आला.

"पण ती बोट," पाहुणे पुढे म्हणाले, "बोट कुठून आणलीत?"

"बोट नव्हती, साहेब."

"होती हो. मी ऐकली की."

सरांनी आमच्याकडे बघितलं. कधी नव्हे ते त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. संधी दवडेन ती मी कसली!

"सर, पुढच्या वर्षी मी वर बसू? दिव्यांवर?"

"वर एकच खुर्ची आहे," सर म्हणाले.

"म्हणजे नाही?"

"म्हणजे एकच खुर्ची आहे." आणि ते पाहुण्यांबरोबर निघून गेले.

आम्ही रिकाम्या रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसलो. मी झग्यात, तो टॉर्चमध्ये.

"तू थांबलीस," तो म्हणाला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"तुझा दिवा ऐकू येत होता मला."

"आगगाडी थांबली म्हणजे..."

"म्हणजे स्टेशन आलं असेल," मी म्हणाले, आणि मग माझे कानच तापले. त्याचेही. बराच वेळ आम्ही समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे फार लक्ष देऊन बघितलं.

"पहिल्या दिवशी तू म्हणालास, रुसला नाही, उलट... उलट काय?"

"सोड ना."

"मी नाही सोडत. माझ्या वाक्यांवरून मला बोलतोस आणि स्वतःचं एक वाक्य महिनोन् महिने दाबून ठेवतोस?"

त्याने टॉर्च लावली, विझवली. लावली, विझवली.

"उलट," तो म्हणाला, "ज्या दिव्याला काही काम नसतं ना... त्याचं तोंड मी तुझ्याकडे करून ठेवतो. विझलेलाच असतो. कुणाला दिसत नाही. उगाच."

मी वर बघितलं. दोन्ही दिवे विझलेले. आणि दोघांच्या माना मी शेवटी उभी होते त्या जागेकडे वळलेल्या.

"दोन्ही?" मी विचारलं.

"नाटक संपल्यावर दोघांनाही काम नव्हतं."

मग मी त्याच्या हातातली टॉर्च घेतली, पेटवली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून दिली. उजेडात.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि हे मी अंधारात सांगणार नाही."

ती खळी पडली. डावी. या वेळी त्याने ती खिशात टाकली नाही.

*

घरी जेवायच्या टेबलावर आई अजून हवेतच होती. "पुढच्या वर्षी राणीचं काम घे. जांभळं कापड बघून ठेवलंय मी. काय दिसशील!"

"आई, बाबा," मी म्हणाले. "मला एक सांगायचंय. दोन सांगायचीत. मध्ये बोलू नका, नाहीतर मी वाक्यं गिळेन."

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"पुढच्या वर्षी मी रंगमंचावर नसेन. मी दिवे करणार आहे. शाळेतही आणि नंतरही."

"दिवे?" आईचा आवाज चढला. "एवढा चेहरा दिलाय देवाने, आणि अंधारात बसणार?"

"मी रोज माणसांच्या तोंडात दिवा मारतो," बाबा म्हणाले. "आजवर एकाने टाळ्या नाही वाजवल्या."

"बाबा, बोट नव्हती. तुम्हाला जी ऐकू आली ती. तो दिवा वळत होता."

बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नव्हती?"

"नव्हती. ते आम्ही दोघांनी केलं. मी आणि काजव्याने. आणि दुसरं हे, की तो मला आवडतो. लपूनछपून भेटणार नाही, म्हणून तुम्हालाच आधी सांगतेय. रविवारी घरी येईल, बघा त्याला. जरा हळू बोलतो, तेवढं समजून घ्या."

आईने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिला नेमकं कुठून ओरडायला सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. मुलगा, दिवे, की जांभळं कापड? शेवटी तिला जे सापडलं ते असं, "अगं, त्या माळ्यावर धड बसायला तरी जागा आहे का? एक खुर्ची आणि ती बादली! मी बघितलंय."

मी उठले. टेबलाला वळसा घातला आणि बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मी दिव्यांवर बसणार आहे," मी म्हणाले. "आणि बादलीवर नाही. बाबा, जरा उठता का? ही खुर्ची मी उद्या शाळेत नेणार आहे."